हालगे मॅडम आणि आमचे रिकामे बाक

डॉ. महानंदा हालगे यांची आणि माझी पहिली गाठ भूकंपाच्या वर्षी पडली. मी लातूरला एम.एस्सी.ला होतो, मॅडम आम्हाला तळ्यानद्यांतली जीवसृष्टी शिकवत. भूकंपानंतर तळी गढूळ झाली, लोक धास्तावले. पाणी तपासायला मॅडमनी आम्हाला गावोगाव धाडलं.

पाण्यातला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत रसायन तळ्याच्या काठावरच घालावं लागतं, नाहीतर बाटलीतला प्राणवायू घटत जातो. एका गावी मला शेवटची एस.टी. गाठायची होती. मी बाटल्या तशाच लातूरला आणल्या, दुसऱ्या दिवशी रसायन घातलं आणि तळं खराब झाल्याचं छातीठोकपणे लिहून दिलं. घरं पडल्याने पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी तिथली माणसं मग गुरं दोन कोसांवर पाण्याला नेऊ लागली. आठवड्याने मॅडमना घोळ कळला. माझी पाचावर धारण बसली. त्या रागावल्या नाहीत. मला घेऊन गेल्या, पुन्हा तपासणी केली आणि गावासमोर म्हणाल्या, "तळं चांगलं हाय. चूक आमची झाली." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एक म्हातारे आप्पा म्हणाले, "चुकलं म्हणून सांगायला इतक्या लांब कुणी येतंय व्हय?"

मॅडमच्या संशोधनाविषयी या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलंच आहे. मला सांगायचं आहे ते निवृत्तीनंतरचं. नांदेड-लातूरकडचे प्राचार्य आणि विभागप्रमुख घडवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्यांच्या शिबिरात भाषणं कमी. आपलं काय चुकतंय हे प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. पहिल्या दिवशी बरेच जण नुसता घसा खाकरतात.

मुखेडकडच्या एका कॉलेजात मी प्राचार्य झालो, तेव्हा क्लासेसचा जोर होता. मुलांची नावं आमच्याकडे, मुलं लातूरच्या क्लासमध्ये, हजेरीपट मात्र भरगच्च. शिबिरात माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, माझं अक्षर वाईट आहे. सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन त्यांनी विचारलं, "बाक रिकामे अन् पट भरलेला. झोप लागते का रे तुला?"

खरी हजेरी लावली तर विज्ञानाच्या तुकडीची मान्यता जाईल, असं मी म्हणालो.

"जाईल कदाचित. संस्थेत सांगायला मी येते तुझ्यासंगं."

त्या आल्या. मी खरी हजेरी लावली आणि तुकडी खरोखरच गेली. चिडलेल्या सहकाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मॅडम मात्र दर शनिवारी एस.टी.ने यायच्या, गावातल्या शाळेच्या मुलामुलींना तळ्यावर नेऊन किडे, शेवाळ, मासे ओळखायला शिकवायच्या. दोन वर्षांनी त्याच मुलांच्या आईवडिलांनी आमच्याकडे तुकडी परत मागितली, आणि ती मिळाली.

मॅडम, पंच्याहत्तरीनिमित्त मागणं एवढंच: प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी सहज ओलांडा, आणि आमचं चुकलं की अशाच न बोलावता येऊन उभ्या राहा. यंदा वर्गात तेवीस मुलं आहेत. तेवीसही बाकावर असतात. कधीही या, मोजून घ्या.