सात वारांची किल्ली

नोकरीत असताना मला रोज डायरी लिहावी लागे. कोणत्या गावी गेलो, किती वाजता पोचलो, तिथे कसलं 'प्रबोधन' केलं. त्या डायरीतलं एक वाक्य आज आठवत नाही. जे डायरीत लिहिण्यासारखं नव्हतं तेवढंच डोक्यात साठून राहिलं आहे. विकास गटातला कुणी जुना सोबती भेटला, की पहिल्या चहालाच ते बाहेर यायला लागतं. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे किस्से एकाच इमारतीचे आहेत.

साठ सालच्या आसपास मी मुळशी तालुक्यात समाजशिक्षण संघटक होतो. आमचं बिऱ्हाड रिहे खोऱ्यातल्या एका गावात होतं. त्या गावानं श्रमदानानं एक समाजमंदिर बांधलं. दगड गावच्या डोंगरातला, कौलं सरकारची, मालकी ग्रामपंचायतीची. उद्घाटनाला पुढारी आले, हार झाले, भाषणं झाली, आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच.

किल्ली सरपंच गेनूअण्णांकडे होती. कुणी मागायला गेलं, की ते आधी 'कशाला?' विचारत आणि मग देत नसत. कारण आत काही बिघडलं, तर नाव किल्लीवाल्याचं येणार!

एकदा मी जरा आवाज चढवूनच विचारलं, की गावाची वास्तू बंद का?

अण्णा शांतपणे म्हणाले, "बांधताना आख्खा गाव व्हता, सायेब. शिव्या खाताना मी येकटाच हाय."

◆

थोड्याच दिवसांत पौडच्या कचेरीतून पत्र आलं. समाजमंदिर चालवण्यासाठी योग्य अशी स्थानिक संस्था शोधावी आणि तिच्याशी करार करावा. पत्रासोबत फॉर्म होता. संस्थेच्या नावासाठी एक ओळ, अध्यक्षाच्या नावासाठी एक ओळ, सहीसाठी एक ओळ.

मी पहिल्यांदा भजनी मंडळाकडे गेलो. गावात नियमानं जमणारी तेवढीच माणसं. त्यांचे म्होरके बाळूबुवा. बुवांनी जागा पाहिली, भिंतीवर थाप मारून आवाज कसा घुमतो ते पाहिलं, आणि एकच अट घातली. समोर मूर्ती बसवायची.

मी नियम सांगितला. सरकारी कौलाखाली कोणत्याही एका देवाची स्थापना करता येणार नाही.

बुवांनी उद्घाटनासाठी आणलेल्या आणि भिंतीशी रचून ठेवलेल्या खुर्च्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी आमी ह्यांच्या म्होरं गायाचं?"

◆

मग आली तालीम. म्हादू पैलवान आणि त्याचे सहा गडी. हे लोक तयार व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. अट नाही, प्रश्न नाही. मला इतका आनंद झाला, की मी भाषणच केलं. ही जागा परकी मानू नका, आपलीच समजा, तिला हवं तसं रूप द्या, वगैरे.

आठ दिवसांनी गेलो. दार उघडं, आतून धप्प धप्प आवाज. मनात म्हटलं, चला, समाजमंदिर जागं झालं!

मधोमध फरश्या उपटून बारा फुटांचा चौकोनी खड्डा पाडला होता. त्यात लाल माती, मातीत ताक आणि तेल. कडेला फरश्यांची चळत.

माझं तोंड बघून म्हादूला वाटलं, मला त्यांच्या कष्टांचं वाईट वाटतंय.

"काय न्हाई सायेब," तो म्हणाला. "फरशी जरा घट व्हती, यवढंच."

त्या दिवशीच्या डायरीत मी 'युवकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं.

◆

गावात जमत नाही म्हटल्यावर मी पुण्याला गेलो आणि एका सेवाभावी संस्थेच्या सेक्रेटरींना भेटलो. सज्जन माणूस. संस्था गावाकडे न्यायची त्यांना तळमळ होती. त्यांनी तारीख कळवली, स्वच्छतेवरचे तक्ते घेतले आणि दोन सहकाऱ्यांसह एसटीनं आले. आषाढात!

आमच्याकडे आषाढात भाताची लावणी. गावात चिटपाखरू नसतं. खड्ड्याच्या अलीकडे श्रोते म्हणून बसले होते तात्याबा नावाचे एक म्हातारे, कारण त्यांचा गुडघा धरला होता. सेक्रेटरींनी अर्धा तास वाट पाहिली. मग त्यांनी जरा खिन्न होऊनच तात्याबांना विचारलं, गावातले सगळे लोक आहेत कुठे?

"चिखलात."

"चिखलात? आणि काय करतायत तिथं?"

तात्याबांनी गुडघा चोळत त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी पुन्यात जेवता न्हवं दोन टायमाला? त्याचंच बगत्यात."

सेक्रेटरी मनानं मोठे. परतीच्या एसटीत बसताना ते स्वतःच हसले. पण करार काही झाला नाही.

◆

त्याच आषाढातली आणखी एक गोष्ट. आम्ही राहायचो तान्हूबाईंच्या पडवीतल्या दोन खोल्यांत. तान्हूबाई पन्नाशीच्या. घरी भाताची खाचरं, आणि गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या शब्दावर चालणाऱ्या. माझी पत्नी सुमती दुपारी आमच्याच खोलीत बायकांचा अक्षरवर्ग घेई. तो सरकारी नव्हता. माझ्या डायरीतही नव्हता.

खोली रस्त्यावर. येणारा जाणारा डोकावायचा. कुणाचा दीर, कुणाचा सासरा. की बायकांच्या पाट्या पदराखाली जायच्या. त्यामुळे वर्ग पुढे तिथे न्यायचा म्हणून समाजमंदिर बांधून होत होतं तेव्हाच सुमतीनं सुताराला गाठून दाराला आतून एक कडी बसवून घेतली होती. नकाशात ती कडी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "बाहेरचं कुलूप तुमचं. आतली कडी आमची."

आषाढ लागला आणि वर्ग रिकामा झाला. दोन दिवस तिनं वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून तान्हूबाईंच्या खाचरात जाऊन उभी राहिली.

आमच्या भागात लावणी सावडीनं होते. आज दहाजणी माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्यातल्या एकीच्या. मजुरी नाही. दिलेला दिवस परत करायचा, एवढाच कायदा. कुणी आजारी पडलं, तरी दिवस बुडत नाही. तिच्या नावानं दुसरी कुणी जाऊन उभी राहते.

सुमती चार खाचरांत चार दिवस राबली. जन्म पुण्यात गेलेला. रोप धरायचं कसं इथपासून तयारी. चौथ्या दिवशी मी बांधावर गेलो, तर सगळ्या जणी कंबर धरून हसत होत्या. सुमतीनं लावलेली ओळ गोमेसारखी वळत वळत बांधाला जाऊन भिडली होती.

तान्हूबाई म्हणाल्या, "बाई, आमची अक्षरं आन तुमची भातं, दोनी सारकीच!"

घरी येताना त्यांनी विषय काढला. चार दिस अंगावर झालेत आमच्या, ते कुटं फेडायचे? सुमती म्हणाली, मला कुठं शेत आहे?

"आसू दे. बगू की. दिस काय नासतोय व्हय?"

◆

त्याच वर्षी माघात सुमती गेली. आठ दिवसांचा ताप.

मी पंधरा दिवसांनी कामावर आलो, तेव्हा टेबलावर पौडचं दुसरं पत्र होतं. मृग लागायच्या आत समाजमंदिर चालवणारी संस्था न मिळाल्यास इमारत खताच्या साठ्यासाठी घेण्यात येईल. खताच्या गोदामाला आतून कडी लागत नाही. मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि गेनूअण्णांना सभा बोलवायला सांगितली.

सभा समाजमंदिरातच झाली. खड्ड्याच्या एका काठाला भजनी मंडळ, दुसऱ्या काठाला तालीम. बुवा म्हणाले, पैलवानांच्या धपधपीत भजन व्हायचं नाही. म्हादू म्हणाला, टाळांच्या आवाजात डाव सुचायचा नाही. अण्णा म्हणाले, कुणीही चालवा, किल्ली तेवढी माझ्याकडून न्या. ती न्यायला मात्र कुणी हात पुढे करेना. एकानं हळूच सुचवलं, की गोदामच होऊ द्यावं, निदान खत तरी जवळ मिळेल.

तेव्हा दाराशी बसलेल्या तान्हूबाई उठल्या.

"लावनी कुनी येकट्यानं क्येलीया का आजवर?" त्यांनी विचारलं. "मंग ह्येच कशाला येकट्याच्या गळ्यात? सावड घाला. सात वार हायेत. ज्याचा वार त्याची किल्ली. आन पैला तो खड्डा बुजवा."

मग अण्णांनी कमरेची किल्ली काढून मधे ठेवली. नोकरीच्या काळात कुणाचा चेहरा इतका हलका झालेला मी पाहिला नाही.

सोमवार भजनी मंडळाला. शनिवार मारुतीचा म्हणून तालमीला, पण कुस्ती बाहेर अंगणात. रविवार डोंगरावरच्या वाडीतल्या लोकांना, कारण ते बाजाराला खाली उतरत आणि त्यांना टेकायला जागा नसे. बुधवार तान्हूबाईंनी मागून घेतला. बुधवारी माझी पौडला मीटिंग असे. त्यामुळे त्या वारी आत काय चालतं ते मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

◆

फॉर्म घेऊन मी पौडला गेलो. हेडक्लार्क काटेकोर माणूस. संस्थेच्या ओळीत मी 'सावड' लिहिलं होतं. त्यांनी चष्मा वर केला.

"ही संस्था नोंदलेली आहे का?"

मी म्हटलं, फार जुनी आहे.

"अध्यक्ष कोण?"

"सोमवारचे सांगू, की मंगळवारचे?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फॉर्मावर लिहिलं, 'समक्ष पाहणी होऊन निर्णय व्हावा.'

◆

किल्ली फिरू लागली. पहिल्या महिन्यात ती एकदाच हरवली. शुक्रवार होता कोंडिबा नावाच्या एका शेतकऱ्याचा. शनिवारी सकाळी तालीम दाराशी उभी, आणि कोंडिबा पायरीवर बसून निवांत तंबाखू मळतोय. म्हादू तापला. किल्ली कुठंय?

"यील की. चरायला गेलीया."

कोंडिबानं ती म्हशीच्या गळ्यात घंटेशेजारी बांधली होती. म्हैस रोज समाजमंदिरावरूनच जाते, तेव्हा सकाळी जाताजाता सोडून देऊ असा हिशोब. नेमकी त्या दिवशी ती दुसऱ्या वाटेनं गेली. पैलवान तिच्यामागे ओढ्यापर्यंत पळाले.

मी कोंडिबाला म्हटलं, अरे, खिशात ठेवायची. तर त्यानं मला समजावलं, "सायेब, मी इसरतो. म्हस रोज घरी येतीया."

◆

मृगाला दहा दिवस उरले असताना पाहणीचे साहेब आले. पुण्याहून, जीपनं, गावाला न कळवता, आणि नेमके बुधवारी. माझी मीटिंग त्यामुळेच रद्द झाली होती आणि त्यांना गावात घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं होतं.

दुपारचे तीन. समाजमंदिराला कुलूप नव्हतं, पण दार ढकललं तर उघडेना. आतून कडी होती. साहेबांनी हातातल्या छडीनं ठोठावलं. आतून आवाज आला, "वाईच थांबा." साहेब थांबले. त्यांना थांबायची सवय नसावी. गेनूअण्णा घाम पुसत माझ्याकडे पाहत होते.

कडी निघाली. आत वीसेक बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मांडीवर पाट्या. या वेळी एकीचीही पाटी पदराखाली गेली नाही. बुजवलेल्या खड्ड्यावर फरश्या पुन्हा बसवल्या होत्या, जरा वरखाली. खुर्च्या तशाच भिंतीशी. मध्ये एक बाई दुसरीचा हात धरून गिरवून घेत होती.

साहेब सगळीकडे फिरले. एका पाटीशी वाकले, अक्षरं वाचली, तिरकी होती पण वाचता आली. बाहेर अंगणातली तालमीची माती पाहिली. दाराशी लावलेला वारांचा तक्ता पाहिला. मग त्यांनी अण्णांना सांगितलं, की खताची सोय दुसरीकडे करायला कळवतो, हे चालू आहे तसं चालू द्या. अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि ते सोडायचं विसरले.

जाता जाता साहेबांनी पाहणीचा कागद काढला. त्यावर त्या दिवशी जागा चालवणाऱ्याची सही लागत होती. त्यांनी तान्हूबाईंना विचारलं, आज वार कुणाचा?

"सुमतीबाईंचा."

मी आतल्या कडीकडे बघत राहिलो. कडीचं लोखंड हाताळून हाताळून गुळगुळीत झालं होतं.

साहेबांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. ते पेनचं टोपण काढत म्हणाले, "मग बोलवा त्यांना. सही लागेल."

तान्हूबाईंनी हात पुढे केला, पेन घेतलं, कागद पाटीवर ठेवला आणि एकेक अक्षर जुळवत 'सुमती' असं लिहिलं. ओळ वळत वळत कागदाच्या कडेला भिडली.

"त्या न्हाई यायच्या," त्या म्हणाल्या. "म्हनून तर आमी आलोय."