साडूभाऊंची गरीब दीर्घिका

मावळ तालुक्यातील तमाम सुज्ञ जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, परक्या गरिबीची इतक्या थाटात काळजी वाहणारा माणूस अखिल विश्वात एकच असून तो माझा साडू आहे. गरिबी माणसाची नव्हे, एका दीर्घिकेची. आपली आकाशगंगा हत्ती धरली तर जिला मुंगी म्हणावं, अशी एक खुजी दीर्घिका लांब कुठेतरी आहे. तिच्यात लोखंड, ऑक्सिजन वगैरे माल जवळजवळ नाहीच. (ऑक्सिजनलाही हे खगोलवाले धातूच म्हणतात. मी वाद घालून थकलो.) पेशाने खगोलशास्त्रज्ञ असलेले साडूभाऊ लोणावळ्यात राहून गेली नऊ वर्षं तिच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून आहेत.

ताटात मीठ वाढलं की ते म्हणणार, "सोडियम! केवढी ही चैन!" सुदुंबरे गावातल्या एका लग्नात रुखवतासमोर उभे राहून त्यांनी असा सुस्कारा सोडला की माणसं वळून बघायला लागली. "एवढं लोखंड! आणि तिच्याकडे कणभरसुद्धा नाही हो." शेजारी नवरीचे मामा होते. त्यांचा जीव कळवळला. "कुटल्या गावची पोरगी म्हनायची? आमी दिऊ की चार भांडी. त्यात काय लय मोठं न्हाई." साडूभाऊंनी त्यांना तिथेच खरा प्रकार सांगायला घेतला. पंगत उठली तरी तो संपला नव्हता, आणि मामा बिचारे हातात अक्षता धरून ऐकत होते.

माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या दीर्घिकेचा भयंकर राग. "भाऊजी, माझं हिमोग्लोबिन उतरलं हे यांना डॉक्टरांनी फोन करून सांगावं लागलं," ती म्हणायची. "तिच्या लोखंडाची मात्र खडान्खडा माहिती!" साडूभाऊंनी स्वयंपाकघरात नुसतं "काल तिचा वायू..." असं म्हटलं की मेहुणी मिक्सर सुरू करायची. रिकामासुद्धा.

तर तो वायू. साडूभाऊंचा सिद्धान्त असा की, बाहेरून ताजा वायू तिच्यात येऊन पडतोय, त्यातून नवे तारे होतायत आणि पुढेही होत राहणार. हे सांगताना त्यांचा चेहरा भाचीला स्थळ आल्यासारखा व्हायचा. या शोधाबद्दल गावातल्या वाचनालयाने त्यांचं व्याख्यान आणि सत्कार ठरवला. पत्रिका छापून झाल्या.

आणि व्याख्यानाच्या चार दिवस आधी साडूभाऊ तळेगावला माझ्याकडे आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"साडू, समजा तुम्ही इथे तळेगावात उभे आहात," ते म्हणाले. "लोणावळ्याच्या बाजूने एक गाडी तुमच्याकडे येतेय. ती खंडाळ्यात असेल तर लोणावळ्यात शिरणार. पण कामशेतला असेल तर?"

"तर लोणावळा सोडून निघाली."

"पण येतेय तुमच्याकडेच. दोन्ही वेळा. तो वायूही मला फक्त इकडे येतोय एवढंच दिसत होतं. नऊ वर्षं मी त्याला खंडाळ्यात धरून चाललो. परवा मोठ्या दुर्बिणीची नवी निरीक्षणं आली. त्या वायूने दीर्घिकेचा प्रकाश अडवलाय. म्हणजे तो तिच्या मागे नाही, पुढे आहे. कामशेतला आहे. आत पडत नाहीये हो, बाहेर चाललाय. तिचेच चार मोठे तारे फुटले आणि त्यांनीच घरातलं सगळं उडवून लावलं. लहान आहे ती. धरून ठेवायला जोर नाही तिच्यात."

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "साडूभाऊ, आत काय नि बाहेर काय, लोणावळ्यात कोणाला कळणार आहे? शाल घ्या, नारळ घ्या, मग सावकाश काय ते छापा."

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "शाल चालली असती. नारळ हातात घेऊन खोटं बोलायला मला नाही जमणार."

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. मी गंमत बघायला पुढेच बसलो होतो, शेजारी आमच्या दोघांच्या बायका. अध्यक्षांनी "आपल्या गावचा थोर शोध" असं तीनदा म्हटलं. साडूभाऊ उठले, सत्काराचा नारळ टेबलावर परत ठेवला आणि म्हणाले, "ज्यासाठी तुम्ही मला बोलावलंत, ते चुकलंय. माझंच चुकलंय." मग त्यांनी खंडाळा आणि कामशेत समजावून सांगितलं, कुठेही आवाज न चढवता. नऊ वर्षांचं काम त्यांनी दहा मिनिटांत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं. शेवटी म्हणाले, "वायू निघून गेला की नवे तारे होणं थांबतं. आहेत ते म्हातारे होत जातात. एवढंच."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणाला कळेना. अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. साडूभाऊ तसेच उभे होते, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न सुचून. एवढ्यात माझ्या शेजारून, भरल्या सभेत, मेहुणीचा कापरा आवाज आला,

"अहो, मग आता तिचं कसं व्हायचं?"