चंद्रलोकाची टाचणी कुठे टोचायची?

आमच्या रविवारच्या वाचनातले किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. उमरीकरकाकांच्या दारातल्या चपलांसारखे ते आपोआप साठतात, आणि निघताना एखादा भलताच पायात येतो.

हैदराबादेत, काचीगुड्याला काकांच्या पुढच्या खोलीत आम्ही जमतो. पुस्तक एकच, वाचणारी मी, बाकीचे ऐकणारे. काका इतिहासाचे निवृत्त लेक्चरर, पण हल्ली त्यांना बारीक टाइप दिसत नाही. सुमनमावशींचं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान आहे. त्या शिकल्या तेलुगू शाळेत, त्यामुळे मराठी बोलतात फर्डं, वाचताना अडतात. पुण्याहून इथे आयटीत आलेल्या प्राजक्ताला वाचता येतं, पण 'बँडविड्थ' नसते. आणि कोपऱ्यात माझी आठ वर्षांची इरा. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पण या वाचनाला ती जागची हलत नाही. तिचं सगळं मराठी या एका धाग्यावर लोंबतंय, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, "तुझं सगळंच कुठल्या तरी धाग्यावर लोंबत असतं."

वाचतो ती एक ऐतिहासिक कादंबरीमालिका. नायक रायाजी हा जासूद, म्हणजे गडागडांवर निरोप पोचवणारा. तीन खंड आम्ही त्याच्याबरोबर उपाशी राहिलो, पूर आलेल्या नद्या ओलांडल्या, दोनदा पकडले गेलो.

चौथ्या खंडात तो प्रेमात पडला. चंद्रलोकाच्या राजकन्येच्या!

* * *

तो रविवार मी विसरणार नाही. गडाला वेढा पडलेला. रायाजी तटावरून दोर सोडतोय. काकांनी चहाचा कप खाली ठेवलेला. मी पान उलटलं आणि वाचलं, "तोच आभाळातून रुपेरी पंखांची एक युवती अलगद उतरली."

काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"पानं चिकटली असतील," काका म्हणाले. "बघ जरा, पोरी."

मी बघितलं. फुंकर मारली. कोपरा चोळला. पानं अजिबात चिकटलेली नव्हती. मला आपलं नेहमीप्रमाणे वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा वाचलं. ती पुन्हा उतरली.

"मग छापखान्यात दुसऱ्या पुस्तकाची पानं घुसली असतील," काका म्हणाले. पुढची तीन प्रकरणं ते दुसऱ्या पुस्तकाची पानं संपायची वाट बघत होते!

* * *

आमच्याकडे एक पद्धत आहे. काकांच्या भिंतीवर दख्खनचा मोठा नकाशा आहे. प्रकरण संपलं की रायाजी जिथे पोचला असेल तिथे काका लाल टाचणी टोचतात. देवगिरी, बीदर, गोवळकोंडा, सगळीकडे त्या टाचण्या. एकदा लेखकानं त्याला एका रात्रीत फार लांब नेलं, तर काकांनी टाचणी अलीकडच्या मुक्कामावरच टोचली. म्हणाले, "सांडणी झाली तरी जनावर थकतं. सकाळी पोचेल."

आता रायाजी राजकन्येचा हात धरून उडाला. प्रकरण संपलं. काका टाचणी घेऊन नकाशासमोर उभे. बराच वेळ उभे.

"वर टोचा की!" सुमनमावशी म्हणाल्या.

"वर दिल्ली आहे," काका म्हणाले.

शेवटी टाचणी नकाशाच्या बाहेर, वरच्या भिंतीत गेली. तिथे मावशींच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या हिशोबानं रायाजी सध्या संकष्टीला आहे.

* * *

सुमनमावशी मात्र खूश. "हौ ना! तीन खंड गडी नुस्ता लोकांचे निरोप पोचवायलाय. स्वतःचा एक निरोप नक्को का त्याला?"

पण त्यांचीही एक अडचण निघालीच. राजकन्येचं वस्त्र चंद्रकिरणांनी विणलेलं आहे, असं मी वाचलं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "पन्हा किती?"

"लिहिलेलं नाही, मावशी."

"काठ?"

"काठही नाही."

"आणि ती हे नेसून उडायली? पिना कुठं लावल्या?" त्यांनी मान हलवली. "लेखकानं जन्मात कधी साडी घेतली नाही बघ बायकोला."

* * *

माझी अडचण वेगळीच होती. ऐतिहासिक भागात शत्रूची मुंडकी उडायची तेव्हा मी इरासमोर खणखणीत वाचायची. आता राजकन्या रायाजीच्या जवळ सरकू लागली की माझा आवाज बारीक होतो. मी खोकते, पाणी पिते, दोन ओळी गाळून पुढे जाते. आई म्हणून हे बरोबर की चूक, यावर मी घरी इतका विचार करते की भात लागतो.

एका रविवारी मी नुसतीच खोकले. खरोखरचा खोकला होता, आमच्या चिक्कडपल्लीच्या रस्त्यावरच्या धुळीचा.

कोपऱ्यातून आवाज आला, "Aai, are they kissing again?"

वेढा चालू होता. तोफखान्याचा सरदार त्याच्या सुभेदाराशी बोलत होता!

* * *

प्राजक्ताचं मत पडलं, "लेखकानं पिव्हट केलंय. खपाचा डेटा बघितला असेल."

काकांचा संयम तिथे संपला. "हा खंड बंद! पुढल्या रविवारपासून आपण जुने महसुली कागद वाचू. त्यात कुणी उडत नाही."

इरानं मला हळूच विचारलं, "What is महसुली?"

मी सांगितलं. शेतसारा, बिघे, पावत्या.

"Then I'll stay home," ती म्हणाली.

धागा तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आधी लेखकाला तर विचारू," मी घाईघाईनं म्हणाले. प्राजक्तानं कुठून कुठून ओळख काढून त्यांचा व्हिडिओ कॉल जमवला. ठरलं असं, की लेखकानं इतिहासात परत यायचं कबूल केलं तर वाचन चालू. नाहीतर बिघे.

* * *

कॉलला काका कोट घालून बसले. लेखकाला कसं झापायचं, याची उजळणी आठवडाभर चालली होती. स्क्रीनवर एक सौम्य गृहस्थ आले, म्हणाले, "हैदराबादेत माझे वाचक! केवढा आनंद!"

काका उठून उभे राहिले. "सर, आपली भाषा फार ओघवती आहे," म्हणाले आणि बसले.

मावशींनी विचारलं, "लग्न कुठल्या खंडात?"

प्राजक्तानं विचारलं, "सर, ड्रॅगन येणार का?"

"विचार चालू आहे," लेखक खुलले.

मी एक खरमरीत प्रश्न पाठ करून गेले होते. तो न विचारता मी विचारलं, "आवाज येतोय ना?"

इतक्यात इरा लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिली. आता ही इंग्रजीत सुरू होणार, म्हणून मी डोळे मिटले.

"लेखककाका, सांडणीला पाणी कोण देतं?"

मराठीत! मी डोळे उघडले.

"कुठली सांडणी, बाळ?" लेखकानं विचारलं.

"रायाजीची. तीन पुस्तकं तो तिच्यावरच बसून फिरला ना? चंद्रावर जाताना त्यानं तिला चिंचेला बांधलं. मग कुणी सोडलंच नाही. ती तिथंच उभी आहे."

लेखक हसले. मग हसू मावळलं. त्यांनी बाजूचे कागद चाळले, चष्मा लावला, पुन्हा चाळले. काका खुर्चीत पुढे सरकले.

"तिचं... नाव काय होतं गं?" लेखकानं विचारलं.

इरानं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "यांना पहिल्यापासून वाचून दाखव."