दुसऱ्या अल्बममधल्या शिव्या

माझा मुलगा रॅपर आहे. हे आता मी न अडखळता सांगते, पण त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा ‘गाणी करतो’ एवढंच म्हणून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. तो अल्बम सगळा हिंदीत. बंदुका काय, गँग काय, पोलीस काय. अरे बाबा, तू आयुष्यात झुरळ मारलं नाहीस. पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण तो कुणी ऐकलाच नाही.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी तो उल्हासनगरला मित्राच्या खोलीत राहायचा. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर यांचा स्टुडिओ. फोन म्हणून उचलायचा नाही. मग मी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे, आणि संतापले की माझी जीभ थेट माहेरी, पालेगावला पोचते. सासर माझं देशावरचं, नवरा अंबरनाथच्या कंपनीत ऑफिसर. लग्न झाल्यापासून मी घासूनपुसूनच बोलत आलेय. सोसायटीत माझी गावची बोली कुणी ऐकली नव्हती.

दुसरा अल्बम मराठीत आला, आणि पहिल्या गाण्याच्या आधी कोण, तर मी. ‘आरं मेल्या, जेवलास का नाय? तुजे तोंरान माती परो, फोन उचल!’ त्यापुढच्या शिव्या इथे लिहवत नाहीत. दोन गाण्यांनंतर पुन्हा मीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फोन करून विचारलं, मला आधी विचारलं का नाहीस? तर म्हणाला, “तू नाही म्हणाली असतीस. आई, आत्तापर्यंत मी दुसऱ्यांचं बघून बोलत होतो गं. हे आपलं आहे.”

त्याच अल्बमनं त्याचं नशीब उघडलं. शो मिळायला लागले, मुलाखती झाल्या, बदलापूरच्या पोराला त्याची भाषा सापडली असं लोक लिहू लागले. बिल्डिंगखाली मुलं एकमेकांना माझ्या शिव्या घालत क्रिकेट खेळायची आणि मी भाजीची पिशवी घेऊन मान खाली घालून जायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तो घरी आला होता आणि बायकांना कॉफी देत होता. समोरच्या वहिनींनी हसत विचारलं, “अहो, त्या गाण्यातला आवाज तुमचाच ना?”

“छे हो, माझा कसला,” मी म्हणाले. “त्यांनी कुठली तरी बाई आणली होती. गावंढळ.”

हा शेवटचा शब्द कुणी मागितला नव्हता. माझी आई त्याच बोलीत बोलायची, मरेपर्यंत. मी वळून पाहिलं तर तो ट्रे घेऊन मागेच उभा. वाटलं, आता हा सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं पाडणार.

तो म्हणाला, “हो काकू, जांभूळ गावच्या एक मावशी आहेत. आईला कुठे येतंय तसं बोलायला.”

सगळ्या हसल्या. तो कॉफी देत पुढे गेला. मी कुंकू लावत राहिले. बायका गेल्यावर त्यानं कप विसळले. माफी माग, माफी माग, असं मन ओरडत होतं. मी विचारलं, डबा भरून देऊ का? नको म्हणाला.

तिसरा अल्बम गाजला, पण दुसऱ्याची मजा नाही, असं त्याचे चाहते म्हणतात. का ते त्यांना कळत नाही, मला कळतं. त्यात मी कुठेच नाही. कुणी दुसरी बाईसुद्धा नाही.

हल्ली तो फोन उचलतो, लगेच. आणि आधी सांगतो, “आई, रेकॉर्डिंग चालू नाहीये हं. मोकळेपणानं बोल.” इतक्या समजुतीनं सांगतो की मला मेल्याहून मेल्यासारखं आत्ता होतं, तेव्हा काहीच नव्हतं झालं. मी रागवायला तोंड उघडते आणि सोसायटीतल्या बाईसारखी बोलते.