तीन कुलपं आणि वॉचमनचा खिळा

आमच्या बिल्डिंगमध्ये स्कूटरला हँडल लॉक लावणं हे गैरवर्तन समजलं जातं. आमच्या इंद्रलोक भागातल्या बऱ्याच इमारतींसारखीच आमची गत. माणसं भरपूर, गाड्या त्याहून भरपूर, आणि खांबांमधली पार्किंगची जागा मात्र बिल्डरने जेवढी ठेवली तेवढीच. त्यामुळे इथे कोणाची गाडी कायम एका जागी नसते. ज्याला आपली काढायची असते तो आडव्या आलेल्या दोन-तीन गाड्या सरकवतो, आपली काढतो आणि निघून जातो. सरकवता यावी म्हणून हँडल मोकळं ठेवायचं, आणि चावी वॉचमनच्या केबिनमधल्या फळीवर, आपल्या फ्लॅटच्या खिळ्याला टांगायची. एक चावी घरी, एक खिळ्यावर.

मला ही पद्धत मनापासून आवडायची. सकाळी खाली उतरलं की स्कूटर आज कुठे सापडते ते बघायचं. कधी पाण्याच्या टाकीजवळ, कधी जिन्याखाली. एकदा कोणीतरी सीटवर वाळत घातलेलं पायपुसणंही मिळालं होतं. नवरा म्हणायचा, "स्वतःची गाडी रोज शोधायची म्हणजे कमाल आहे." त्याला गाडी चालवता येत नाही, पण गाडीबद्दलची मतं पक्की आहेत.

मला मात्र त्या स्कूटरशिवाय एक दिवस चालत नाही. माझी आई हाटकेशमध्ये राहते, एकटी. मधुमेह जुना, नजर अधू. इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे तिला दिसत नाहीत. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणते, "माझं घर काय भाड्याचं आहे?" मग मीच रोज सकाळी जाते, सुई देते, नाश्ता समोर बसून खायला लावते आणि परत येते. खाली पोचले की दोनदा हॉर्न वाजवायचा. तो ऐकला की वर कडीचा आवाज होतो. दाराला तिने कडी, बोल्ट आणि साखळी असं सगळं बसवून घेतलंय, आणि ते उघडायला तिला वेळ लागतो. तोवर मी जिना चढते.

समोरच्या बिल्डिंगमधून एका मुलाची मोटरसायकल चोरीला गेली आणि आमच्या घरात सुरक्षाव्यवस्था अवतरली. नवऱ्याने आधी पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप आणलं. धक्का लागला की ते किंचाळतं. मग जाड साखळी आणली, वर कापडी खोळ असलेली. ती मागच्या चाकातून घालून थेट खांबाला. आणि वर हँडल लॉक होतंच. खिळ्यावरची चावीही तो घेऊन आला. "अख्खी बिल्डिंग ज्या चावीला हात लावते तिला चावी कशाला म्हणायचं?" असं म्हणाला.

मी खूप चिडवलं त्याला. म्हटलं, "अहो, एवढी कुलपं लग्नातल्या दागिन्यांना नव्हती लावली." तो हसला नाही. लहानपणी ते गिरगावात चाळीत राहायचे तेव्हा त्याच्या वडिलांची सायकल जिन्याखालून चोरीला गेली होती. दुसरी घेणं झालं नाही. वडील पुढची कितीतरी वर्षं कामावर चालत गेले आणि घरी कोणापाशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. हे त्याने मला खूप वर्षांपूर्वी एकदाच सांगितलंय. त्यामुळे मी चिडवते, पण मर्यादेत.

त्यात एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. माझे गुडघे दुखतात, खाली वाकून कुलपं काढणं मला जमत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी तो स्वतः कुलपं लावायचा आणि सकाळी ऑफिसला जाताजाता स्वतः उघडून जायचा. मला फक्त स्कूटरची चावी घेऊन उतरायचं आणि परत आल्यावर हँडल लॉक करायचं. कुलपांच्या चाव्या त्याच्या खिशात, आणि जादा जुडगा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. घरात चोर शिरला तर त्याच्या हाती लागायला नको म्हणून! यावर मी कपाळाला हात लावला होता.

आमची स्कूटर खांबाला बांधली गेली आणि सगळ्या पार्किंगचा हिशोब बिघडला. सर्वात जास्त फटका दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांना बसला. आमची हलेना, त्यामुळे त्यांची आत जाईना. ती गेटजवळ उघड्यावर उभी राहू लागली. काकांची चावी मात्र खिळ्यावरच होती. मी दिसले की ते म्हणायचे, "बेन, माझी सीट उन्हात पापड झाली, पापड! साहेबांना जरा समजवा ने." वर ते चकतीचं कुलूप रात्री कोणाचा तरी धक्का लागून किंचाळायचं आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून माणसं आमच्या खिडकीकडे बघायची.

एका सकाळी काकांनी देरासरला, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाता जाता नवऱ्यालाच गाठलं. तो खाली वाकून कुलपं उघडत होता. काय बोलणं झालं ते मला वरून नीट ऐकू आलं नाही, पण आवाज दोघांचेही चढले होते. शेवटी नवरा ताडकन उठला आणि बॅग उचलून तरातरा गेटबाहेर गेला. काकाही दुसऱ्या बाजूला गेले. मी चहाचा कप धुवायला घेतला.

अर्ध्या तासाने, मी निघायच्या बेतात असताना, आईचा फोन आला. "जरा ये गं. गरगरतंय. घाम फुटलाय," एवढंच म्हणाली, आणि शब्द जड येत होते. साखर उतरली होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "आई, साखर तोंडात टाक, आत्ता टाक, मी आलेच." तिच्या शेजारणीला फोन लावला तर ती गावी, महाडला गेलेली. स्कूटरची चावी घेऊन मी धावत खाली आले.

हँडल मोकळं होतं. चकतीतलं कुलूप काढलेलं होतं. साखळी तशीच होती.

भांडणाच्या नादात तेवढं एक राहिलं होतं. नवऱ्याला फोन केला, लागला नाही, लोकलमध्ये असणार. मी ती साखळी दोन्ही हातांनी ओढली. ती तुटणार नाही हे मला माहीत होतं, पैसे मोजून ती तशीच आणली होती, तरी ओढली. वॉचमन म्हणाला, "भाभी, ये तो कटर से भी नहीं कटेगा." बाहेर रस्त्यावर एकही रिक्षा थांबेना. त्या वेळेला सगळ्या भरून स्टेशनकडे जात असतात. मला रडू यायला लागलं, आणि नवऱ्याचा असा राग आला की तो समोर असता तर काही खरं नव्हतं.

तेव्हा गेटजवळची काकांची स्कूटर दिसली. मी केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या खिळ्यावरची चावी काढली. वॉचमन म्हणाला, "अंकल देरासर गये हैं, पूछ के..." मी म्हटलं, "आये तो बोल देना, मैं ले गयी." सीट खरंच पापडासारखी कडक झाली होती.

हाटकेशला पोचेपर्यंत एकच विचार डोक्यात होता. दाराला कडी, बोल्ट, साखळी. आणि आई उठू शकली नाही तर? खाली पोचून दोनदा हॉर्न दिला. काकांच्या स्कूटरचा हॉर्न घसा बसलेला. वरून कडीचा आवाज आला नाही. मी पुन्हा दिला. तरी नाही. जिना कशी चढले ते मला आठवत नाही.

दार ढकललं तर उघडलं.

आई दारामागेच भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ओठांना साखर लागलेली, कपाळ ओलं. ग्लुकोजचं पाणी करून तिला घोट घोट पाजलं, मशीनवर साखर बघितली, थोड्या वेळाने परत बघितली. आकडा वर सरकला तसा तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि मी बिस्किटांचा पुडा फोडला. बिस्किट खाता खाता म्हणाली, "हॉर्न कोणाचा होता? मला वाटलं भंगारवाला. तुझी गाडी चोरीला गेली?"

"नाही," मी म्हटलं. "नीट बांधून ठेवलीय."

ती हसली. मी विचारलं, "अगं, पण दार कसं उघडं? तुला तर उठवत नव्हतं."

"गरगरायला लागलं तशी आधी भिंत धरून दारापाशी आले," ती म्हणाली. "आधी कडी काढली, मग तुला फोन केला. नाहीतर तू येऊन काय उपयोग?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.

मग काकांचा फोन आला. मी बोलायला तोंड उघडणार तर तेच म्हणाले, "बेन, वॉचमनने सांगितलं. बा कशी आहे?" बरी आहे म्हटलं. "सारू. एक सांगायचं होतं, पुढचा ब्रेक जरा लूज छे. संभाळीने आवजो. घाई नथी."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्यासाठी शब्द तयार ठेवले होते. दिवसभर घोटले होते. पण आईला बरं नव्हतं एवढं मी त्याला दुपारी फोनवर सांगितलं होतं, आणि दारातूनच त्याने विचारलं, "आई जेवल्या?" मग मला ते बोलवेना. मी नुसतं जे झालं ते सांगितलं. साखळी, काकांची स्कूटर, दारामागे बसलेली आई. ती काय म्हणाली तेही सांगितलं.

"आधी कडी?" त्याने विचारलं.

"आधी कडी."

त्याने चपला पुन्हा पायात सरकवल्या. मग चाव्यांचा जुडगा घेऊन खाली गेला. मी गॅलरीतून पाहिलं. त्याने साखळी खांबापासून सोडवली आणि नुसती चाकात घातली. आमची स्कूटर थोडी पुढे ओढून काकांची तिच्या शेजारी सावलीत आणून लावली, एकट्याने, धापा टाकत. मग आमच्या गाडीला चकतीचं कुलूपही लावलं. कुलपं सोडणारा माणूस नाही तो. मग केबिनमध्ये शिरला.

वर आला तो रिकाम्या हाताने.

"चाव्या?" मी विचारलं.

"खिळ्यावर."

"आणि तिथून चोराने नेल्या तर?" मला राहवलं नाही.

तो चपला जागेवर ठेवत होता. "नेऊ देत," म्हणाला. "गाडी दुसरी घेता येईल." आणि हात धुवायला आत गेला.