साहेबांआधी शिंकायचं नाही!

मुंबईच्या हेड ऑफिसात कॉम्प्युटर बसला आणि वराळ्याजवळच्या आमच्या कारखान्यातला स्टोअर्सचा साठा त्यावर चढवायचं ठरलं. सत्तरनंतरची गोष्ट. मी तिथे क्लार्क होतो. त्या वर्षाचे किस्से अजून संपत नाहीत. एक जण सांगायला लागला, की दुसरा त्याला दुरुस्त करतो आणि तिसरा नवाच काढतो!

*

माहिती घ्यायला मुंबईहून कुलकर्णीबाई आल्या. मीटिंगमध्ये म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये तुम्हाला काय काय हवं?"

आम्ही सगळे मॅनेजरसाहेबांकडे बघत बसलो. आमच्याकडे साहेबांआधी शिंकायचीही पद्धत नव्हती!

साहेब म्हणाले, "अरे, मोकळेपणाने बोला!"

शेवटी हेडक्लार्क उठले. "साहेबांना जे हवं, तेच आम्हाला हवं."

साहेब बाईंकडे झुकून हळूच म्हणाले, "मला काय हवं, ते तुम्हीच सांगा!"

*

मग बाई एकट्याच स्टोअर्समध्ये आल्या. रॅक लावणारे सखारामभाऊ तोंडाने फटकळ.

"भाऊ, तुमची अडचण काय?"

"पत्रा गळतुय, पंखा फिरत न्हाई, आन् कँटीनचा च्या लय पानचट हाय!"

बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्याच आठवड्यात पत्रा बदलला. चहा मात्र कॉम्प्युटरलाही सुधारता आला नाही!

*

खरी भीती वेगळीच होती. एक दिवस भाऊंनी विचारलंच, "बाई, मशीन आल्याव आमी कुटं जायाचं?"

आम्हालाही तेच विचारायचं होतं, पण बोलायची छाती नव्हती. बाई भाऊंना घेऊन थेट केबिनमध्ये गेल्या. भाऊ चपला बाहेर काढून आत शिरले. थोड्या वेळाने साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "कुणालाही काढणार नाही."

बाहेर आल्यावर भाऊ डोळे पुसत म्हणाले, "मानूस बराय की! फकस्त इचारल्याबिगर बोलत न्हाई."

*

त्यानंतर सगळ्यांची तोंडं सुटली. बाई रविवारी खंडाळ्याला, त्यांच्यासाठी स्थळं बघणाऱ्या बहिणीकडे गेल्या, तर पन्नाशीचे हेडक्लार्क कडक इस्त्रीत तिथे हजर! रिपोर्टमधला एक कॉलम सुचवायचा राहिला होता.

बहिणीने दार उघडलं आणि आत ओरडली, "अगं, साडी बदल! मुलाचे वडील आलेत!"

*

स्टोअर्समध्ये सुट्या भागांची इंग्रजी नावं कुणीच वापरत नसे. एका झाकणाला सगळे 'नवरी' म्हणत आणि त्यात बसणाऱ्या खिट्टीला 'नवरा'. बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तीच नावं घालू."

पहिला रिपोर्ट मुंबईला डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर गेला आणि लगेच त्यांचा ट्रंक कॉल आला. स्टोअर्समध्ये तेव्हा एकटे सखारामभाऊ.

"नवरी शिल्लक नाही, नवरे गंजलेत! काय चाललंय तिकडे?"

"काळजी नगं, साहेब," भाऊ म्हणाले. "नवरी उद्या पुन्यावरनं टरकनं येतीया. नवरं तवर तेलात बुडवून ठिवल्यात!"