तीन पायऱ्यांचं खापर

जमिनीखालच्या त्या स्टेशनात दोन लाइनी भेटतात, एक नदीकडची आणि एक टेकडीकडची. एकीवरून उतरून दुसरीकडे जायचं तर मधला लांब बोगदा चालावा लागतो, आणि बोगद्याच्या बरोबर मध्ये, काही कारण नसताना, तीन पायऱ्या लागतात. घाईतला माणूस तिथे ठेचकाळतो आणि हमखास विचारतो, "कुठल्या गाढवाने मोजलं हे?"

स्टेशनात झाडलोट करणाऱ्या मावशी हा प्रश्न एकतीस वर्षं ऐकत होत्या. ते गाढव म्हणजे त्यांचे वडील.

बोगदा खणत होते तेव्हा दोन्ही लाइनींची ऑफिसं वेगळी होती, आणि बाबा नदीकडच्या ऑफिसात लेव्हलवाले होते. खोदकाम पुढे सरकलं की भिंतीवर कमरेच्या उंचीला रंगात बुडवलेल्या दोरीने आडवी रेघ मारायची, तिच्याखाली खोली लिहायची आणि ती कुठून मोजली तेही लिहायचं, हे त्यांचं काम. नदीकडच्यांची रेघ लाल, टेकडीकडच्यांची निळी. बोगदा दोन्ही टोकांनी खणत आणला. शेवटची माती पडली, समोरासमोर माणसं हसली, आणि खाली पाहतात तर एकाची जमीन दुसऱ्याच्या गुडघ्याला! दीड फुटाचा फरक. दोन्ही ऑफिसांच्या साहेबांनी कानावर हात ठेवले. खापर फोडायला एक डोकं हवं होतं, ते बाबांचं सापडलं. आठवड्याभरात पायऱ्या बांधल्या, भिंतींवर हिरव्या इनॅमलचे पत्रे चढले आणि बाबा घरी बसले. पुढे मरेपर्यंत लोकांच्या भिंती रंगवत राहिले. मुलीला मात्र सांगून गेले, "वरच्या पायरीजवळचा पत्रा. त्याच्यामागे दोन्ही रेघा आहेत."

मग मावशींनी तो पत्रा आधीच का नाही काढला? पोरं लहान होती, नोकरी एकच होती. तोंडी शिव्यांचं काय, हवेत विरतात. रोज तो पत्रा मात्र त्या सगळ्यात आधी पुसायच्या, इतरांपेक्षा दोन हात जास्तच.

स्टेशनाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा वरच्या ऑफिसातून एक तरुण साहेब इतिहास लिहायला आले. माणूस सभ्य, मावशींना "अहो मावशी" म्हणणारा. त्यांनी पितळी पाटी करून आणली. पन्नाशीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी ती पायऱ्यांपाशी लागली, आणि मावशींनी पुसता पुसता वाचली. 'मोजणी-कामगाराच्या चुकीमुळे येथे तीन पायऱ्या बांधाव्या लागल्या.'

आता मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे पितळेत राहणार? नातवंडांनीही वाचायचं?

मावशी स्टेशनातल्या फिटरच्या पेटीतून पेचकस घेऊन आल्या. भर गर्दीत, सकाळी साडेदहाला, चार स्क्रू काढले, पत्रा उचलला, झाडूंच्या खोलीत नेला आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

साहेब धावत आले. "मावशी, अहो उद्या पाहुणे येणार! तो पत्रा बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. दुसरा मिळायचा नाही!"

"म्हणून तर तो नेला. तुमची पाटी उतरवा, पत्रा घेऊन जा."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. आमच्या घराला सवय आहे." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "शिकलेले आहात ना? वाचा की."

उघड्या भिंतीवर खाली लाल रेघ होती, दीड फूट वर निळी. दोन्हींखाली आकडा एकच, चाळीस फूट. लाल रेघेखाली बारीक अक्षरात 'पुलाच्या पायापासून', निळीखाली 'पाण्याच्या टाकीच्या पायरीपासून'. साहेब वाचत राहिले. दोन ऑफिसांनी मोजायला दोन वेगळ्या जागा धरल्या होत्या, आणि त्या एका पातळीत आहेत का हे बघायचे कष्ट एकाही साहेबाने घेतले नव्हते.

"पूल आहे अजून, टाकीही आहे," मावशी म्हणाल्या. "जा, मोजून या."

ते खरंच गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुपारी परत आले ते घामाघूम होऊन.

"दीड फूट. बरोब्बर दीड फूट," ते म्हणाले, आणि पाटी त्यांनी स्वतः उतरवली.

मावशी शब्दाला पक्क्या. कुलूप काढलं, पत्रा आणून फिटरच्या हातात दिला. फिटर मोठा तिरसट माणूस, उभ्या जन्मात कुणाची बाजू न घेतलेला. त्याने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं आणि पत्रा भिंतीला टेकवून ठेवला.

"हे झाकायला माझा हात उठत नाही, साहेब. दुसरा फिटर बघा."

साहेबांनी दुसरा फिटर बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन भाषणं करून गेले. संध्याकाळच्या गर्दीत एक गृहस्थ पायरीवर अडखळले, बॅग सावरत नेहमीचंच बोलले, "कुठल्या गाढवाने मोजलं हे?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. एकतीस वर्षं गिळलेलं उत्तर त्यांनी बोगदाभर ऐकू जाईल अशा आवाजात दिलं.

"ओ भाऊ! मोजणाऱ्याने बरोबर मोजलंय. ती लाल रेघ माझ्या बाबांची. थांबा, वाचा, आणि मगच पुढे जा!"

गृहस्थ थांबले. त्यांच्या मागची गाडीला निघालेली सगळी रांगही थांबली.